साय आणि सुई

करंजगावच्या ग्रामीण रुग्णालयाच्या गेटावर एक विजेचा फलक होता. भर उन्हातही डोळ्यांत भरायचा. वरती हिरव्या अक्षरांत 'टाकेमुक्त तालुका' आणि खाली वर्षभर जागचा न हललेला एक आकडा : शून्य.

उद्या त्या शून्याला वर्ष पुरं होणार होतं. अंगणात मांडव पडला होता. मांडवाच्या तोंडाशी काचेची पेटी, पेटीत निळी मखमल, मखमलीवर टाके घालायच्या सुया, दोऱ्याची बंद पाकिटं, चिमटा, कात्री. खाली पाटी : 'इतिहासजमा'. तालुका आरोग्य अधिकारी डॉक्टर हराळे सकाळपासून त्या पेटीची काच स्वतःच्या रुमालानं पुसत होते. पुसून झालं की दोन पावलं मागं सरून बघत होते, लग्नघरच्या बापासारखे.

"मॅडम, उद्या या पेटीला हार तुम्हीच घालायचा."

"हार गेलेल्या माणसाला घालतात हो."

"मग काय, सुई गेलीच की!"

जिला ते मॅडम म्हणत होते, ती डॉक्टर कस्तुरा लोखंडे. उद्याची प्रमुख पाहुणी. याच तालुक्यात, गावाबाहेरच्या पालात जन्मलेली आणि आता पुण्याच्या प्रयोगशाळेत काम करणारी. तिनं एक डिंक घडवला होता. त्या डिंकामुळंच तालुक्यात वर्षभर कुणाच्या कातडीला टाका पडला नव्हता. दूध निवलं की वर साय धरते तसा तो जखमेवर धरायचा, म्हणून कस्तुरानं त्याचं नाव ठेवलं होतं साय.

त्यातलं विज्ञान समजायला तसं अवघड नाही. समुद्रातल्या खडकांना शिंपले धरून बसतात. लाटांनी कितीही धोपटलं तरी सुटत नाहीत, कारण त्यांच्या पायातून निघणारा चिकट धागा पाण्यात, ओल्यातच घट्ट होतो. जुन्या वैद्यकीय डिंकांचं नेमकं इथंच अडायचं. रक्तानं ओली जागा त्यांना चालत नसे, कोपरा-गुडघ्यासारख्या हलत्या जागी ते तडकत, आणि जखम खोल असली की डॉक्टर निमूट सुईदोरा हातात घेत. कस्तुरानं शिंपल्याच्या त्या धाग्यातलं प्रथिन यीस्टच्या पिंपांत पिकवलं आणि त्याला ओल्या, हलत्या, ताणल्या जाणाऱ्या कातडीवर बसायला शिकवलं.

पण साय नुसती चिकटत नसे. आईच्या पोटातल्या बाळाच्या कातडीला इजा झाली तर ती व्रण न ठेवता भरून येते. जन्मल्यावर मात्र शरीराला घाई होते. जखम दिसली की हाताला लागेल त्यानं ते बुजवून टाकतं, आणि त्या घाईचा वण आयुष्यभर राहतो. साय पेशींना गर्भातले ते विसरलेले निरोप पुन्हा ऐकवायची : घाई करू नका, जसं होतं तसंच विणा. दोन महिन्यांत जागा अशी भरून यायची, की कुठं लागलं होतं ते बोट ठेवून दाखवता येत नसे.

शासनाला ती इतकी आवडली की योजनाच निघाली. गावं तंटामुक्त करून झाली होती, आता तालुके टाकेमुक्त करायचे. कातडीवर वर्षभर एकही टाका न घालणाऱ्या पहिल्या तालुक्याला दुसरी रुग्णवाहिका बक्षीस. त्यानंतर छोट्या दवाखान्यांना सुईदोऱ्याचा पुरवठा बंद. करंजगाव पहिलं येणार होतं. उद्या.

आणि आज, चहाच्या वेळेला, सिस्टर फरजाना धावत मांडवात आली.

"मॅडम, तुमच्या आई! गेटापाशी. रक्त खूप आहे, पण शुद्धीवर आहेत. मला शिव्या देतायत, म्हणजे बऱ्या आहेत."

झालं होतं असं. गेटाच्या बाजूला पत्र्याच्या चौकटीत कस्तुराचा माणसाहून मोठा फोटो लावला होता. तिची आई केराबाई लेकीचा तो फोटो बघायला वस्तीवरून चालत आली. खूप वेळ बघत राहिली. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून, "ही कोण हाय ठावं हाय का?" असं विचारत राहिली. मग तिच्या ध्यानात आलं, की फोटोतल्या कस्तुराच्या हनुवटीवर हिरवा ठिपका नाही. बारशाच्या दिवशी तिनं स्वतः गोंदलेला. छापणाऱ्याच्या यंत्राला तो डाग वाटला असणार, त्यानं पुसून चेहरा साफ केला होता.

केराबाईनं डोळ्यातलं काजळ करंगळीवर घेतलं आणि लेकीच्या हनुवटीवर ठिपका द्यायला हात उंचावला. त्याच वेळी वारं सुटलं, चौकट झुलली आणि पत्र्याची सुटी धार तिच्या हातावरून गेली. कोपराखालून निघाली ती थेट मनगटाजवळ येऊन थांबली.

ड्रेसिंगच्या खोलीत कस्तुरानं आईच्या हातावरचं फडकं काढलं तेव्हा तिला क्षणभर डॉक्टर असल्याचं आठवेना. मग आठवलं.

"आये, बोटं हलव. एकेक."

"हलत्यात की. ठिपका द्याचा ऱ्हायला बघ तुझा. अर्धाच झाला."

"अंगठा टेकव करंगळीला. इथं स्पर्श कळतोय?"

"कळतोय. तुझा हात गार पडलाय त्ये बी कळतंय."

स्नायूंच्या दोऱ्या शाबूत होत्या, नस वाचली होती. फरजानानं जखम सलाईननं धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. भिंतीवरच्या कॅमेऱ्यानं जखमेवरून निळा उजेड फिरवला आणि त्याच्या नेहमीच्या गोड आवाजात सांगितलं, "साय सुचवली आहे. लागणारा वेळ, चार मिनिटं."

दारात वस्तीवरच्या दोघी-तिघी जमल्या होत्या. केराबाईनं चांगला हात वर करून त्यांना हाक मारली.

"या गं, बघा. आजवर तुमच्या पोरांच्या ढोपराला लावत व्हते, आज मला लावत्यात. माज्या लेकीची साय!" आणि मग कस्तुराकडं वळून, अगदी सहज, मिठाचा अंदाज विचारावा तशी म्हणाली, "मोर ऱ्हाईल न्हवं गं?"

फरजानाच्या हातात सायीची नळी तयार होती. कस्तुरानं ती घेतली आणि तशीच धरून उभी राहिली.

केराबाई गोंदणारी होती. आठवड्याचा बाजार असेल तिथं ती बसायची. समोर दिव्याची काजळी आणि माक्याचा रस कालवलेली वाटी, हातात एकत्र बांधलेल्या सुया. नमुन्यांचं पुस्तक तिच्याकडं नव्हतं. तिचा डावा हात हेच तिचं दुकान. कोपराजवळ तुळस, तिच्याखाली पाळणा, मग विंचू, मग पिसारा मिटलेला मोर आणि मनगटापाशी पाच ठिपके. बाया तिचा हात आपल्या मांडीवर घ्यायच्या, बोट ठेवायच्या आणि म्हणायच्या, हे दे. आता त्या सगळ्यावरून, तुळशीपासून ठिपक्यांपर्यंत, एक लाल चीर तिरकी गेली होती.

दोन महिन्यांपूर्वी कस्तुराकडं पुण्यात एक बाई आली होती. दंडावरच्या जखमेला साय लावलेली. जखम सुरेख भरली होती, पण तिथं गोंदलेलं नवऱ्याचं नाव गेलं होतं. बाई तक्रार करायला आली असेल असं वाटून कस्तुरा घाबरली. बाई हसत म्हणाली, "माणूस कवाच गेला सोडून, नाव तेवढं ऱ्हायलं व्हतं. दुसऱ्या दंडावर पन हाय, तिथं बी लावा की जरा!"

कस्तुरा तेव्हा तिच्याबरोबर हसली आणि ती गेल्यावर सूक्ष्मदर्शकाशी जाऊन बसली. गोंदताना सुईबरोबर काजळी कातडीखाली उतरते. शरीराला ती परकी वाटते. भक्षक पेशी धावत येतात, काजळीचे कण गिळतात, पण पचवू शकत नाहीत, म्हणून तशाच धरून बसतात. एक पेशी मेली की तिचे कण शेजारची उचलते. गोंदण म्हणजे असं हातोहात सांभाळलेलं काजळ. साय मात्र त्या पेशींना सांगते, जागा साफ करा. त्या काजळी उचलतात आणि जवळच्या गाठींकडं वाहून नेतात. जखमेच्या दोन्ही बाजूंची चार-चार बोटं जागा कोरी होते.

चाचण्यांमध्ये हे कसं दिसलं नव्हतं, याचं उत्तर तिला ठाऊक होतं. वण मोजणाऱ्या कॅमेऱ्याला रंगाचा गोंधळ नको, म्हणून 'गोंदलेली जागा वगळावी' असा नियम होता. तो तिनंच केला होता. गोंदणारीच्या लेकीनं. खेड्यातल्या निम्म्या म्हाताऱ्या त्या एका नियमानं चाचणीच्या दाराबाहेर राहिल्या होत्या. आणखी दहा-पंधरा रुग्ण तपासून मग जाहीर करायचं, असं तिनं ठरवलं होतं. अजून कुणालाच बोलली नव्हती.

"मॅडम?" फरजाना म्हणाली.

एका शब्दाचं काम होतं. राहील. कॅमेऱ्यानं सायच सुचवली होती, हराळे दारातून मान हलवत हो म्हणत होते. आईनं विश्वास ठेवला असता. मोर एकदम गेला नसता, हळूहळू फिकटला असता. म्हातारपणानं गेला म्हणाली असती.

"नाही राहणार, आये," कस्तुरा म्हणाली.

आणि मग सगळ्यांसमोर, जे होतं ते सांगितलं. हराळ्यांचा चेहरा आधी गोंधळला, मग उतरला.

केराबाईनं नीट ऐकून घेतलं. "म्हंजे मोर मरत न्हाई. उठून दुसरीकडं जातोय."

"हो. काखेतल्या गाठींकडं."

"माजा मोर काखंत जाऊन बसनार?"

दारातल्या बाया फिसकन हसल्या. फरजानानं तोंड फिरवलं. केराबाई मात्र हसली नाही.

"मग सुई घे, कस्तुरे."

"मावशी, मावशी," हराळे पुढं झाले. स्टुलावर बसले, अगदी तिच्या डोळ्यांच्या पातळीला आले. माणूस वाईट नव्हता. "सुई आता नाही हो वापरत. वण राहील. पिकायची भीती. आणि माझं ऐका, आपण आत्ता या हाताचा फोटो काढू. केसाएवढंसुद्धा चुकणार नाही असा. साय लावू. जखम भरली की मशीनवर हुबेहूब मोर काढून देऊ. दुखणारही नाही."

"हुबेहूब?"

"हुबेहूब."

केराबाईनं रक्ताळलेला हात जरा फिरवला. "ह्यो पाय बघा त्याचा. डावा. लांब हाय का न्हाई?"

मोराचा एक पाय खरंच लांब होता. ओढल्यासारखा, टाचेपाशी वाकडा गेलेला.

"माजी आय गोंदत व्हती. मी अशी तिच्या मांडीवर हात टाकून. तवा पालावर पोलीस आले. गावात चोरी झाली की आधी आमच्याकडंच यायचे. आयचा हात हालला. त्यो ह्यो पाय." ती शांतपणे सांगत होती. "मग बापाला घेऊन गेले. आय उठली न्हाई. रडत रडत उरलेला मोर पुरा केला. म्हनली, आरधा ठेवला तर तुला आवघड जाईल. तिचा फोटू न्हाई माज्याकडं, दागिना न्हाई. कुठल्या माळावर पुरली त्ये बी आता कुनाला सांगता यायचं न्हाई. तुमची मशीन त्यो पाय काढंल, हुबेहूब काढंल. पर तिचा हात काय हालायचा न्हाई."

हराळ्यांनी मोराच्या त्या पायाकडं पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मावशी, एक टाका पडला की आकडा आपोआप जिल्ह्याला जातो. रुग्णवाहिका जाते. वाड्यावस्त्यांवरच्या बाळंतिणी त्या एका गाडीची वाट बघत बसतात. तुमच्या वस्तीवरच्यासुद्धा."

हे मात्र केराबाईला लागलं. दारातल्या बायांपैकी एकीनं खाली बघितलं. तिच्या सुनेला गाडी वेळेवर मिळाली नव्हती.

"गाडी पायजे," केराबाई म्हणाली. "दोन द्या, चार द्या. पर गाडी द्याची तर रस्ता बघून द्या की, डाक्टर. माज्या हाताकडं बघून कशाला देताय?"

हराळ्यांनी कस्तुराकडं पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

कस्तुराच्या मनात एक बारीकसं दुखणं होतं. साय तिनं कुणासाठी घडवली होती? पालात पाय कापला की चिंधी बांधून चालत राहणाऱ्या माणसांसाठी. आणि तीच साय तिच्या आईला नको होती.

"तुला माझी साय नको," ती म्हणाली. म्हणायचं नव्हतं, म्हणून गेलं.

"कोन म्हनतं?" केराबाई तिच्यावर ओरडलीच. "बाजारात बसून मीच सांगती समद्यांस्नी. उद्या माजा पाय कापला तर बादलीभर लाव. गळा कापला तर गळ्याला लाव. पर ही जागा तुज्या आज्जीची हाय. मी आजवर तुला कशाला न्हाई म्हनले का? ही येवढी वीतभर जागा माज्या म्हनन्यानं ऱ्हाऊ दे."

कस्तुरानं सायीची नळी ट्रेमध्ये ठेवली.

"सिस्टर, सुया कुठं आहेत?"

फरजाना अवघडून म्हणाली, "पेटीत."

"कुठल्या पेटीत?"

"इतिहासजमा."

मांडवातल्या लोकांनी मग जे पाहिलं ते त्यांनी पुढं बरेच दिवस सांगितलं. प्रमुख पाहुणी पाटीवरून हात घालून पेटी उघडतेय, मखमलीवरची दोऱ्याची पाकिटं उजेडात धरून मुदत वाचतेय आणि डॉक्टर हराळे बाजूला उभे राहून, "अजून चार महिने आहेत हो, मीच बघून ठेवलीत," असं पडेल आवाजात सांगतायत. सुया, चिमटा आणि कात्री त्यांनी स्वतःच निर्जंतुक करायला यंत्रात ठेवली.

बधिर करायचं इंजेक्शन दिलं, तोवर कस्तुराचं ठीक चाललं होतं. सुई चिमट्यात धरली आणि हात जखमेच्या काठाशी अडला. सहा वर्षं तिनं कातडीत सुई घातली नव्हती. तिच्या हाताखाली शिकलेल्या पोरांनी तर कधीच नाही.

ओठ फाटला की आधी ओठाची कड जुळवतात आणि मग बाकीचं शिवतात, हे तिला शिकवलेलं होतं. कड चुकली की चेहरा चुकतो. इथं कड म्हणजे मोराची मान. अर्धी इकडच्या काठावर, अर्धी तिकडच्या. तिनं भिंग लावलं. काठावरचा हिरवा ठिपका शोधला, समोरच्या काठावर त्याचा जोडीदार शोधला. सुई एका काठातून आत गेली आणि दुसऱ्यातून बाहेर आली. दोरा ओढला. मान जरा पुढं सरकून बसली.

"काढते. परत घालते," कस्तुरा म्हणाली. तिच्या कपाळावरून घाम ओघळला, फरजानानं टिपला.

"मला काई घाई न्हाई," केराबाई म्हणाली. "बाजार परवा हाय."

आणि मग ती गुणगुणायला लागली. मांडीवर हात टाकून रडणाऱ्या पोरींना ती ऐकवायची, तीच चाल. आज रडणारं कुणी नव्हतं. सुई धरलेला हात मात्र घाबरलेला होता, आणि तो तिला दिसत होता.

सुईचं दुखनं बाई, हाये गं घडीभर
मोराची सोबत तुला हाये गं जल्मभर

लेकीच्या हाती सुई, कुनी न्हाई दिली तिला
पोटात असताना तिनं माजा हात पाह्यला

पहिली ओवी जुनी होती. दुसरी तिनं आत्ता जोडली, हे कस्तुराला कळलं. तिनं मान वर केली नाही. मोराच्या मानेवर दुसऱ्यांदा सुई घातली, दोरा ओढला, गाठ दिली. मान जुळली. ठिपक्याला ठिपका लागला आणि तुटलेली हिरवी रेघ चालू झाली.

मग तुळस. मग पाळण्याची दोरी. विंचवाची नांगी अवघड होती, तीन ठिकाणी फाटलेली. शेवटी तो लांब, वाकडा पाय. तिथं कस्तुरा थांबली. काठ ओढून जरा सरळ बसवला असता तर कातडीला ताण कमी पडला असता. कुठल्याही जखमेत तिनं तेच केलं असतं. तिनं भिंगातून त्या पायाकडं पाहिलं. एका बाईचा हात हलला होता. तिला तो हलताना दिसला. तिनं पाय जसा होता तसा, वाकडाच शिवला.

बाहेर गेटावर फलकावरचं शून्य मिटलं आणि तिथं टाके पडलेल्या पहिल्या जखमेचा एक आला.

हराळे खिडकीतून ते बघत होते. बराच वेळ बघितल्यावर म्हणाले, "वर्षभर रोज घरी जाताना बघायचो हो त्याच्याकडं." मग वळले, केराबाईच्या हाताशी वाकले, आपला चष्मा वर केला. "छान जुळलाय," म्हणाले. "छानच."

सोहळा दुसऱ्या दिवशी झाला. मांडव होता, माणसं आली होती, जिल्ह्याचे साहेबही आले होते. परत कुणाला पाठवणार? काचेच्या पेटीत नुसती मखमल होती. कस्तुरा बोलायला उभी राहिली तेव्हा पहिल्या रांगेत केराबाई पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन, आयुष्यात प्रथमच खुर्चीत बसली होती.

"पेटी रिकामी आहे," कस्तुरा म्हणाली, "कारण सुई कामावर गेली आहे."

लोक हसले. मग तिनं गोंदणाचं सगळं सांगितलं. काजळी कुठं जाते, चाचणीतला नियम कुणी केला, काल आपल्या आईला आपण काय लावणार होतो. साय चांगली आहे, ती म्हणाली, शंभरातल्या नव्वद जखमांना मी स्वतः तीच लावीन. पण लावण्याआधी माणसाला विचारावं लागेल, आणि माणूस नाही म्हणाला तर शिवता येणारा हात तिथं असावा लागेल. साहेबांनी घड्याळात पाहिलं. टाळ्या सुरुवातीला एकाच कोपऱ्यातून आल्या. त्या हराळ्यांच्या होत्या.

पुढं जे झालं ते सगळं गोड नव्हतं. रुग्णवाहिका शेजारच्या तालुक्याला गेली. प्रयोगशाळेच्या संचालकांनी फोनवर, "एका मोरापायी?" एवढंच विचारलं आणि कस्तुरानं, "हो, एका मोरापायी," एवढंच उत्तर दिलं. वर्तमानपत्रांत चार दिवस सायीची बदनामी झाली. पाचव्या दिवशी, गोंदण घालवायचं म्हणून साय लावून घ्यायला लोकांची रांग लागली. हराळ्यांनी वाड्यावस्त्यांच्या बाळंतिणींची दहा वर्षांची हकीकत घेऊन जिल्ह्याच्या कचेरीत इतक्या चकरा मारल्या, की शिपाई त्यांना नावानं ओळखायला लागला. दीड वर्षानं गाडी आली. कुठल्याही बक्षिसाशिवाय आली. सुईदोऱ्याचा पुरवठा चालू राहिला. आणि सायीच्या प्रत्येक नळीवर एक ओळ छापली गेली : 'गोंदण आहे का? ठेवायचं का? आधी विचारा.' कुणी ठेवा म्हणायचं, कुणी जाऊ द्या म्हणायचं. वस्तीवरच्या एका पोरीनं कपाळावरचं जातीचं गोंदण घालवून घेतलं आणि केराबाईला येऊन दाखवलं. केराबाईनं तिच्या कोऱ्या कपाळावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "झ्याक दिसतीस. जा आता कामाला."

कस्तुरा दर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात करंजगावला येऊ लागली. तरुण डॉक्टरांना आणि नर्सबायांना टाके शिकवायला. फरजानाचा हात तिच्याहून चांगला बसला. हे कस्तुरा स्वतः सांगायची, आणि फरजाना ते दुसऱ्यांदा सांगायला लावायची.

अशाच एका आठवड्यात ती बाजाराच्या दिवशी आईपाशी जाऊन बसली. पिंपळाखाली केराबाईनं पोतं अंथरलं होतं. पुढ्यात काजळीची वाटी. एक तरुण बाई समोर बसून तिचा हात मांडीवर घेऊन नमुने बघत होती. तुळशीवर बोट ठेवलं, नको म्हणाली. विंचवावर ठेवलं, अगं बाई, म्हणाली. मोरापाशी थांबली. मग तिचं बोट त्या सगळ्या नक्षीवरून तिरक्या गेलेल्या, उजळ, बारीक रेघेवर आलं. रेघेच्या दोन्ही बाजूंना टाक्यांच्या ठिपक्यांची जोडी होती, मुंग्यांची रांग जावी तशी.

"ही कसली नक्षी गं, मावशी? कुठं बघितली न्हाई आजवर."

केराबाईनं आधी हात उन्हात धरला. शेजारच्या भाजीवालीनं, पलीकडच्या बांगडीवाल्यानं मान वळवून बघावं एवढा वेळ धरला.

"मोर माज्या आयनं काढला," ती म्हणाली. "तुळस, पाळना बी तिचाच. ही रेघ तेवढी माज्या लेकीची."

"चांगली हाय की. मला हीच काढ."

"ही मला न्हाई येत, बाई," केराबाई म्हणाली आणि शेजारी बसलेल्या लेकीकडं न बघता, पदर सावरत, आख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात पुढं म्हणाली, "त्यासाठी डाक्टर व्हावं लागतंय."